कॉलेजच्या कुस्तीचा वस्ताद : डॅन गेबल, १५ विजेतेपदं आणि ती एक हार

मॅटवरचा_मावळा (धागाकर्ता) | शुक्रवार रात्री ११:४८

गेले दोन-तीन आठवडे मी रात्र रात्र जागून अमेरिकेतल्या जुन्या कॉलेज कुस्त्या बघतोय, घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय, झालाही असेल. पण डॅन गेबल या माणसाबद्दल कुठंतरी लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून हा धागा.

थोडक्यात सांगतो. जन्म १९४८, आयोवा राज्यातलं वॉटर्लू गाव. शाळेत ६४ कुस्त्या, ६४ जिंकल्या. मग आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत हॅरॉल्ड निकल्स नावाच्या वस्तादाच्या हाताखाली सलग ११७ जिंकल्या. म्हणजे शाळा-कॉलेज धरून १८१ कुस्त्यांत एकदाही पाठ सोडा, हारसुद्धा नाही. आता उरली शेवटची. १९७० ची राष्ट्रीय फायनल, १४२ पौंड गट, समोर वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा लॅरी ओविंग्ज. हा पठ्ठ्या मुद्दाम वजन उतरवून गेबलच्या गटात आला होता, मला त्यालाच हरवायचंय म्हणून. आणि कुस्तीच्या आधी टीव्हीवाल्यांनी गेबलकडून जाहिरात वदवून घेतली की बघायला या, मी १८२-० करून कारकीर्द संपवणार आहे. आपल्याकडं म्हातारी माणसं म्हणतात ना, तोंडानं बोलू नये, तसं झालं. १३-११ नं हरला. पोडियमवर उभा आहे आणि मान खाली, तो फोटो बघवत नाही राव.

पुढच्या वर्षी १९७१ ला सोफियात वर्ल्ड चॅम्पियन आणि १९७२ म्युनिक ऑलिंपिकमध्ये ६८ किलोत सुवर्ण, ते पण गुडघा दुखावलेला असताना आणि सहाच्या सहा कुस्त्यांत समोरच्याला एकसुद्धा गुण न देता. एकही नाही!

पण मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या कामाबद्दल. म्युनिकनंतर तो युनिव्हर्सिटी ऑफ आयोवात असिस्टंट कोच झाला आणि १९७६-७७ च्या सीझनपासून मुख्य कोच. १९९७ पर्यंत २१ सीझन. त्यात १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं, त्यातली १९७८ ते ८६ अशी ९ सलग, आणि बिग टेन म्हणजे त्यांच्या विभागाची चॅम्पियनशिप २१ पैकी २१ वेळा. दोन टीमच्या लढतींचा हिशोब ३५५ विजय, २१ पराभव, ५ बरोबरी. एवढं वाचून माझं एक मत झालंय की ती एक कुस्ती हरला नसता तर हा माणूस असा कोच झालाच नसता. तुमचं काय म्हणणं?

आळशी_वाचक | शनिवार सकाळी ८:०५

छान लिहिलंय पण एक बाळबोध प्रश्न. कुस्ती तर दोघांत होते, मग टीम कशी जिंकते? आणि कॉलेजची कुस्ती म्हणजे ऑलिंपिकचीच का?

दुसरा प्रश्न, शिकला आयोवा स्टेटमध्ये आणि कोच झाला आयोवात, हे एकच का? मी दोनदा वाचलं तरी गोंधळ.

गुणपत्रक | शनिवार सकाळी ९:३१

@आळशी_वाचक बाळबोध नाही, रास्त प्रश्न आहे.

नाही हो, ऑलिंपिकची नाही. अमेरिकन शाळा-कॉलेजात फोकस्टाईल नावाचा वेगळाच प्रकार चालतो. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाईलमध्ये समोरच्याला क्षणभर जरी पाठीवर दाखवलं तरी गुण मिळतात. फोकस्टाईलचा सगळा जीव कब्जात. खाली घेतलंस, बरं, आता वर बसून राहून दाखव. खालचा निसटला की त्याला १ गुण, त्यानं उलटवून कब्जा घेतला तर २. आणि गंमत म्हणजे वर बसल्याचं घड्याळ चालू असतं, दोघांच्या सवारीच्या वेळेत एक मिनिटाचा फरक पडला की वरच्याला कुस्ती संपताना १ गुण जादा. खाली घेण्याला वर्षानुवर्षं २ गुण होते, २०२३-२४ पासून ३ केलेत. पहिला डाव ३ मिनिटांचा, पुढचे दोन २-२ चे. खांदे टेकले की खेळ खलास, ते मात्र सगळीकडे सारखंच.

टीमचं असं की १० वजनगट, प्रत्येक गटात प्रत्येक कॉलेजचा एकच गडी. दोन कॉलेजांची लढत असेल तर दहा कुस्त्या एकामागून एक, आणि नुसतं जिंकून भागत नाही, किती फरकानं जिंकलास त्यावर टीमचे गुण वाढतात. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गटाचे पहिले आठ टीमला गुण मिळवून देतात, त्यांनाच ऑल अमेरिकन म्हणतात. त्यात चितपट केलं तर वरचे गुण वेगळे. म्हणजे आठवा आलेला पोरगा पण कामाचा. हे नीट डोक्यात ठेवा, कारण गेबल कोच म्हणून मोठा का, याचं उत्तर माझ्या मते इथं आहे, धागाकर्ते म्हणतात त्या हारेत नाही.

आयोवा स्टेट एम्स गावात, युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा आयोवा सिटीत. एकाच राज्यातली दोन वेगळी कॉलेजं आणि एकमेकांचे पक्के वैरी.

आळशी_वाचक | शनिवार सकाळी ९:५०

म्हणजे ज्या तालमीत वाढला तिच्याच वैऱ्याच्या तालमीत वस्ताद झाला?? आपल्याकडं असं केलं असतं तर गावात येऊ दिलं नसतं.

मॅटवरचा_मावळा | शनिवार सकाळी १०:१५

हो ना, आणि सूड पण उगवला गेला. ९ सलग झाल्यानंतर १९८७ ला दहावं विजेतेपद हवं होतं, आयोवाच्या पोरांच्या सिंगलेटवर (म्हणजे कुस्तीच्या अंगाबरोबरच्या पोशाखावर) रोमन आकड्यातला दहा छापून घेतला होता. पुन्हा तेच, आधीच बोलून बसले. आणि ती चॅम्पियनशिप नेली कोणी? आयोवा स्टेटनं! पुढं चार वर्षं आयोवाला काही मिळालं नाही, थेट १९९१ ला.

उलटा_चष्मा | शनिवार दुपारी १:२२

मी जरा विरोधात बोलणार आहे, राग मानू नका मावळेराव.

"हरला म्हणून घडला" ही गोष्ट फार गोड आहे आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. एक तर तो हरायच्या आधीपासूनच वेड्यासारखी मेहनत करणारा होता, हरल्यावर आळशाचा कष्टाळू झाला असं काही नाही. दुसरं म्हणजे त्याच्या आयुष्यातला खरा घाव १९७० चा नाहीच. १९६४ ला, हा १५ वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर मासे पकडायला गेला होता आणि घरी एकट्या असलेल्या थोरल्या बहिणीचा खून झाला. त्या घरात परत राहायचं आईबापाच्या जिवावर आलं तेव्हा हा पोरगा स्वतःचं अंथरूण उचलून बहिणीच्या खोलीत जाऊन राहिला, म्हणजे घर विकावं लागू नये. आता सांगा, अशा पोराला १३-११ नं कोण काय शिकवणार.

तिसरी गोष्ट, जी गुणपत्रक म्हणतायत तीच. कोच झाल्यावर पहिलंच वर्ष, १९७७. आधीची दोन वर्षं, ७५ आणि ७६, चॅम्पियनशिप आयोवाकडंच होती, आधीचे कोच गॅरी कर्डलमायर यांच्या हाताखाली. गेबल मुख्य कोच झाला आणि गेली! परत आयोवा स्टेटनंच नेली. म्हणजे जगातला सगळ्यात भारी पैलवान कोच म्हणून पहिल्या वर्षी मागं सरकला. आणि पुढच्या वर्षी १९७८ ला जिंकला तो कसा माहितीये का? आयोवा ९४.५, आयोवा स्टेट ९४. अर्धा गुण! आणि त्या वर्षी आयोवाचा एकही पोरगा आपल्या गटात पहिला आला नव्हता. शून्य चॅम्पियन, तरी टीम चॅम्पियन.

मला विचाराल तर गेबल कोच झाला तो त्या अर्ध्या गुणात. स्वतः कधी दुसरा क्रमांक सहन न झालेल्या माणसाला तिथं दिसलं असणार की चौथा, पाचवा, सहावा आलेल्या पोरांनी आपल्याला जिंकून दिलं. कन्सोलेशनच्या, म्हणजे हरलेल्यांच्या पुढच्या क्रमांकांसाठीच्या कुस्त्यांच्या बाजूला, अर्धी गर्दी चहापाण्याला गेलेली असताना, फायनल हुकलेला पोरगा पुढच्या कुस्तीला उभा राहतो की मनातून घरी गेलेला असतो, यावर सगळं ठरतं. हे काम पैलवानाचं नाही, वस्तादाचं.

मॅटवरचा_मावळा | शनिवार दुपारी २:०३

शून्य चॅम्पियनवालं मला माहीतच नव्हतं. बहिणीचं माहीत होतं, पण धाग्यात कसं लिहावं कळेना म्हणून सोडलं. मान्य, माझं मत जरा सिनेमाछाप आहे. पण पूर्ण सोडत नाही अजून.

सोळा_सोमवार | शनिवार दुपारी ३:४०

+१ उलटा_चष्मा. कन्सोलेशनचं तर अगदी अगदी. माझा भाऊ ज्यूदो खेळायचा, सेमीफायनल हरला की तिसऱ्या नंबरची लढत त्यानं कधीच मनापासून खेळली नाही.

अर्धवट_पैलवान | शनिवार संध्याकाळी ६:१८

चांगलं चाललंय तर जरा मिठाचा खडा टाकतो.

मेहनत मेहनत करून जे कौतुक चाललंय त्याच्या पोटात वजन तोडणं होतं, ते कोणी बोलत नाहीये. त्या काळी अमेरिकन कॉलेजात सगळीकडेच रबरी सूट घालून सॉनात बसायचं, तिथंच सायकल मारायची, थुंकून थुंकून पाणी काढायचं आणि वजन दिलं की ढोसायचं. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहा आठवड्यांच्या आत तीन वेगवेगळ्या कॉलेजांची तीन पोरं यातच गेली. मेली. तेव्हा कुठं नियम बदलले, रबरी सूट आणि तापवलेल्या खोल्या बंद, वजन कुस्तीच्या तोंडावर घ्यायचं म्हणजे पाणी पिऊन भरून काढायला वेळच मिळू नये, सीझनच्या आधी अंगातलं पाणी आणि चरबी मोजून याच्या खाली जायचं नाही असं ठरवून देणं, आणि गटच ७ पौंडांनी वर सरकवले, ११८ चा १२५ झाला.

मी स्वतः (नाव-गाव नको) विशीच्या आत असताना एका स्पर्धेसाठी चार दिवसांत सहा किलो तोडलं. शेवटच्या रात्री तोंडात बर्फाचा खडा धरून झोपलो आणि झोपेत गिळला तर वजन वाढेल या भीतीनं दर थोड्या वेळानं उठत होतो. आता हसू येतं पण तेव्हा मला ते खरंच पटत होतं. सकाळी वजन बसलं, दुपारी पहिल्याच खडाखडीत डोळ्यांपुढं अंधारी. आमचे सर चांगले होते, वाईट हेतू अजिबात नव्हता, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही की तू काल पाणी प्यायलास का. तेव्हापासून कोणत्याही महान कोचबद्दल वाचलं की मला आधी हेच आठवतं.

उलटा_चष्मा | शनिवार संध्याकाळी ७:०२

बर्फाचा खडा वाचून पोटात कालवलं हो.

मुद्दा बरोबर. ती तीन पोरं गेली तोवर गेबल कोच राहिलेला नव्हता, त्याची शेवटची स्पर्धा मार्च १९९७ ची, त्यामुळे ते त्याच्यावर ढकलता येणार नाही. पण ज्या हवेत ते घडलं ती हवा त्याच काळाची, आणि त्या काळाचा सगळ्यात मोठा माणूस हाच. दोन्ही एकाच वेळी खरं.

कॉर्नफील्ड | शनिवार रात्री ११:५५

इतके दिवस इथं नुसता वाचक होतो, आज लिहावंच लागणार. मी ९५ ते ९८ आयोवा सिटीत शिकायला होतो. कुस्तीशी संबंध शून्य, आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट नाहीतर कॅरम.

पहिल्या हिवाळ्यात लॅबमधला एकजण ओढून घेऊन गेला कार्व्हर-हॉकाय अरीनात. ही इमारत टेकडीच्या पोटात बसवलीये, बाहेरून बुटकी दिसते, दारातून आत शिरलं की तुम्ही सगळ्यात वरच्या रांगेच्याही वर असता आणि खाली, बरंच खाली, दिव्याच्या उजेडात एक मॅट. विहिरीत डोकावल्यासारखं. (नंतर कळलं की १९८३ च्या जानेवारीत ही वास्तू उघडली ती पण कुस्तीच्याच लढतीनं, बास्केटबॉलनं नाही.) आणि हजारो माणसं. शेतकरी, त्यांच्या बायका, शाळकरी पोरं, थर्मास घेऊन आलेल्या आज्या. मला वाटलं होतं चारपाच डझन लोक असतील. आणि लोक ओरडतात कधी, तर नुसतं पाडल्यावर नाही. समोरचा दमला, पाय ओढायला लागला, मॅटच्या कडेला पळायला लागला की सगळं स्टेडियम एका सुरात पंचाला सांगायला लागतं की तो टाळतोय, ताकीद द्या. आयोवाची कुस्ती म्हणजे तेच, सात मिनिटं मागं मागं रेटत नेऊन समोरच्याचा दम काढायचा. डाव देखणे नसायचे कधी कधी, खरं सांगतो. दळण होतं ते.

आता मुख्य गोष्ट. मार्च ९७, राष्ट्रीय स्पर्धा सीडर फॉल्सला, युएनआय-डोममध्ये. सीडर फॉल्स म्हणजे वॉटर्लूला चिकटून, गेबलच्या घराच्या अंगणातच म्हणा ना. आम्ही दोघं एका खटारा गाडीतून गेलो, हीटर बंद. फुटबॉलचं घुमटवालं स्टेडियम आणि एकाच वेळी कितीतरी मॅटवर कुस्त्या, कुठं बघावं कळत नाही. शेजारी एक आजोबा बसले होते, मांडीवर कार्यक्रमपत्रिका, कानावर पेन्सिल, प्रत्येक कुस्तीचा निकाल त्या तक्त्यात भरत होते. मी भलतीकडं बघतोय हे पाहून त्यांनी खिशातून दुसरी पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले की लिही, लिहिल्याशिवाय कळत नाही. तीन दिवस मी लिहीत होतो.

गेबलचं त्याच सीझनमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कुबड्या घेऊन आला होता. आम्ही इतक्या लांब की चेहरा दिसायचा नाही, कुबड्यांवरून ओळखायचो. आयोवाचा पोरगा ज्या मॅटवर जाईल तिकडं त्या कुबड्या टकटक करत चालल्या. ही शेवटची स्पर्धा असेल असं लोक कुजबुजत होते, पण नक्की कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी ५ चॅम्पियन, टीमचे १७० गुण. आधीचा विक्रम १५८ चा, तो पण आयोवाचाच, ८६ चा.

फायनलला ११८ पौंडात आयोवाचा जेसी व्हिटमर जिंकला तेव्हा शेजारच्या त्या आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि काही वेळ लिहिलंच नाही. हा पोरगा बरीच वर्षं राखीव होता, शेवटच्या वर्षी कुठं मुख्य टीममध्ये आला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय चॅम्पियन. उलटा_चष्मा, तुम्ही अर्ध्या गुणाचं म्हणालात ना, मला हा आठवला. मॅक्लरेव्ही, आयर्नसाइड, विल्यम्स ही आयोवाची मंडळी जिंकणार हे मला सुद्धा ठाऊक होतं. पण रोज सरावात मार खाऊन, मोठ्या स्पर्धेत खुर्चीवर बसून, तरी पाचव्या वर्षापर्यंत पोरगा टिकून राहतो तो कशामुळं?

गुणपत्रक | रविवार सकाळी ८:४४

कॉर्नफील्ड, उभं राहून टाळ्या. असे वाचक असतील तर लिहीत जा हो.

तुमचा १७० चा विक्रम २७ वर्षं टिकला, २०२४ ला पेन स्टेट या कॉलेजनं १७२.५ केले आणि २०२५ ला १७७. आणि आता येतो वादाचा विषय, केल सँडरसन. स्वतः कॉलेजात खेळताना आयोवा स्टेटकडून १५९-०, चार वर्षं चार विजेतेपदं, म्हणजे गेबलचं जे हुकलं ते यानं केलं. २००४ अथेन्सला ८४ किलोत सुवर्ण. आणि पेन स्टेटचा कोच म्हणून २०२५ पर्यंत १२ सांघिक विजेतेपदं. मावळेराव, तुमच्या थिअरीला हा जरा जड जाणार. हा तर कॉलेजात एकदाही हरला नाही, मग याला कोणी घडवलं?

मॅटवरचा_मावळा | रविवार सकाळी ९:२०

घ्या. थिअरी आडवी. 😄 मी मागे घेतो, लिहून देतो.

सोळा_सोमवार | रविवार सकाळी १०:०६

सँडरसनबद्दल मी वाचलंय की तो पोरांना सतत सांगतो मजा घ्या, हसतखेळत कुस्ती करा. गेबलच्या पार उलटं वाटतं. मग नक्की काय खरं, रगडायचं की हसवायचं?

अर्धवट_पैलवान | रविवार सकाळी १०:३१

ताई, पेन स्टेटवाले हसत हसत रगडतात. त्यांच्या कुस्त्या बघा, शेवटच्या मिनिटाला पण पटाला घुसत असतात, दम तर कुठं कमी दिसत नाही. फरक एवढाच असावा की आता हरायची भीती घालून नाही पळवत. आणि ती वजन तोडायची पिढी पण मागं पडली. मला विचाराल तर मला सँडरसनच्या हाताखाली राहायला आवडलं असतं, आणि गेबलच्या हाताखाली मी तिसऱ्या दिवशी पळालो असतो, व्हिटमरसारखा टिकलो नसतो. खोटं कशाला बोला.

आळशी_वाचक | रविवार सकाळी ११:१५

अजून एक बाळबोध. सगळे मोठे कोच आधी मोठे पैलवानच होते का? स्वतः न खेळलेला माणूस कोच होऊ शकतो का?

गुणपत्रक | रविवार दुपारी १२:४०

तुमचे बाळबोध प्रश्नच भारी असतात. झालाय ना! एड गॅलॅगर, ओक्लाहोमा ए अँड एम, म्हणजे आजचं ओक्लाहोमा स्टेट. माणूस इंजिनीयर, कॉलेजात धावपटू आणि फुटबॉलवाला, कुस्ती स्पर्धेत खेळलेलाच नाही. त्यानं तरफेचा हिशोब लावून डाव बसवले, कुठल्या सांध्यावर किती जोर दिला की माणूस वळतो वगैरे, आणि १९२८ ते ४० या काळात ११ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तिथल्या स्टेडियमला आजही त्याचं नाव आहे. त्याच कॉलेजात पुढं जॉन स्मिथ कोच झाला, तो मात्र ८८ आणि ९२ चा ऑलिंपिक सुवर्णवाला, घोट्याला हात घालणारा खालचा एकेरी पट ही त्याची खासियत. तीसेक वर्षं कोच राहिला, ५ विजेतेपदं. म्हणजे खेळाडू म्हणून गॅलॅगरच्या कितीतरी पुढं आणि कपाटातल्या ट्रॉफ्या निम्म्यापेक्षा कमी. अर्थात काळ वेगळा, तेव्हा टीमच किती होत्या, हे पण धरायला हवं.

उलटा_चष्मा | रविवार दुपारी १:१०

यात एक गोष्ट राहतेय. आपण मोजतोय ते विजेतेपदवाले. पण डिव्हिजन वन म्हणजे वरच्या पातळीला कुस्ती असलेली कॉलेजं आज ऐंशीच्या आसपास, त्यातल्या बहुतेक कोचला राष्ट्रीय ट्रॉफी हातात धरायला पण मिळणार नाही. त्यांची नोकरी म्हणजे शाळाशाळांतून पोरं हेरत गावोगाव गाडी हाणायची, आईबापाच्या स्वयंपाकघरात बसून पटवायचं. स्कॉलरशिप दहा गटांना मिळून ९.९ इतक्याच देता यायच्या परवापरवापर्यंत, म्हणजे गटामागं एका पोराचा खर्च पण पुरा नाही. त्याचे तुकडे करून तीसएक जणांत वाटायचे, याला अर्धी, त्याला पाव, तिसऱ्याला नुसती पुस्तकं. २०२५ पासून ती मर्यादा काढून ३० जणांची टीम असा नियम आलाय, पण आता पैसा ज्याच्याकडं त्याची मजा. आणि डोक्यावर कायम टांगती तलवार की उद्या कॉलेजनं कुस्तीच बंद केली तर. ज्या ओविंग्जनं गेबलला हरवलं त्याच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आज कुस्तीची टीमच नाही!

मॅटवरचा_मावळा | रविवार दुपारी १:४४

काय सांगता! इतिहासातली सगळ्यात गाजलेली कुस्ती जिंकलेलं कॉलेज आणि तिथं आखाडाच नाही.

गेबलनं निवृत्तीनंतर बरीच धावपळ केली ती यासाठीच. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीच्या मंडळानं २०२० पासून कुस्ती काढायची शिफारस केली होती, आठवत असेल. तेव्हा पुढं होऊन बोलणाऱ्यांत हा होता. सप्टेंबरमध्ये परत घेतली.

वाचनवेडी | रविवार संध्याकाळी ५:२६

इथं सगळी दादा मंडळी आहेत म्हणून एक भर. गेबलला मुलगा नाही, चार मुली आहेत. वस्तादाच्या घरी चार मुली आणि त्यांच्या वयात कॉलेजात मुलींची कुस्तीच नव्हती. आता कुठं युनिव्हर्सिटी ऑफ आयोवानं २०२१ ला मुलींची टीम जाहीर केली, मोठ्या कॉलेजांत पहिलीच, कोच क्लॅरिसा चुन, लंडन ऑलिंपिकची ब्राँझवाली. २०२३-२४ हा त्यांचा पहिला पूर्ण सीझन आणि त्यातच राष्ट्रीय विजेतेपद. आणि मुलींच्या कुस्तीला कॉलेज संघटनेनं अधिकृत चॅम्पियनशिपचा दर्जा दिला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये. मुलांची १९२८ पासून चालू आहे. मोजा फरक.

पुढं कधी कॉलेजच्या महान कुस्ती कोचचा धागा निघाला तर त्यात चुनबाई असतील, आत्ताच लिहून ठेवते.

अर्धवट_पैलवान | रविवार संध्याकाळी ५:५८

वाचनवेडीताई, १९२८ आणि २०२५ शेजारी शेजारी ठेवल्यावर बोलायला काही उरलं नाही. वेगळा धागा काढाच.

सोळा_सोमवार | रविवार रात्री ९:१२

कॉर्नफील्ड, ती कार्यक्रमपत्रिका अजून आहे का हो तुमच्याकडं? असेल तर फोटो टाका ना.

कॉर्नफील्ड | सोमवार रात्री १२:३७

माळ्यावरची दोन खोकी उपसली, बायको म्हणाली उंदीर शिरलाय का वर. सापडली! फोटो उद्या उजेडात काढतो, कागद पिवळा पडलाय आणि पेन्सिल फिकट झालीये.

पण एक गंमत दिसली ती आत्ताच सांगतो. पहिल्या दिवशी आजोबांनी मला सगळ्या गटांचे विजेते आधीच लिहायला लावले होते, अंदाज म्हणून, हे मी साफ विसरलो होतो. १३४ ला आयर्नसाइड, १५० ला मॅक्लरेव्ही, १५८ ला विल्यम्स, बरोबर. ११८ च्या रकान्यात मी दुसऱ्याच कॉलेजच्या कोणाचं तरी नाव लिहिलंय, ते खोडलंय आणि बाजूला व्हिटमर असं लिहिलंय. अक्षर माझं नाही.